मॅनेज्ड स्विचवर आयपी राउटिंग चालू करायचंय? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सविस्तर

छोट्या कारखान्यात किंवा ऑफिसात नेटवर्क कोणी ठरवून केलेलं नसतं, ते वाढत जातं. नेटवाल्याने लावलेल्या डब्यातून १९२.१६८.१ ची सिरीज येते आणि त्याच्यावरच टॅलीचं मशीन, प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरी, कॅमेरे, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) आणि वर येणाऱ्याजाणाऱ्यांचे मोबाईल, सगळं एकत्र. मग कोणीतरी म्हणतं व्हीलॅन करा, ते केले की लगेच दुसरी बोंब सुरू होते की ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून कॅमेरे दिसेनात. साहजिकच आहे ना, व्हीलॅन म्हणजे त्याच स्विचवर पाडलेलं वेगळं नेटवर्क आणि एका नेटवर्कमधून दुसऱ्यात जायला मधे राउटर लागतो. तो राउटर बऱ्याच मॅनेज्ड (म्हणजे सेटिंग बदलता येणाऱ्या) स्विचच्या पोटातच असतो, फक्त बंद असतो.

राउटिंग चालू करायची कमांड एका ओळीची आहे, तिला पाच सेकंद लागतात. माणसं अडकतात ती परतीच्या रस्त्यावर. पॅकेट (डेटाचा तुकडा) जातं, पोचतंही, पण उत्तर परत यायचा रस्ता कोणी लिहिलेलाच नसतो, आणि पॅकेट पोचलंच नाही काय किंवा उत्तर आलं नाही काय, स्क्रीनवर दोन्ही वेळेला तेच दिसतं, रिक्वेस्ट टाइम्ड आउट. त्यामुळे पुढे प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारत चला: उत्तर परत कुठून येणार?

उदाहरण सिस्को कॅटॅलिस्टचं घेतलंय. कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी अक्षरंच टाकायची हे काय वेगळं सांगायला नको, आणि स्पेलिंगवर अडलात तर पहिली दोनतीन अक्षरं टाकून टॅब दाबा किंवा प्रश्नचिन्ह दाबा, स्विच स्वतःच पुढचं सांगतो. एचपी-अरुबाला कमांड बऱ्याचशा अशाच आहेत. नेटगिअर, टीपी-लिंक, डी-लिंकला वेब पानावर राउटिंग मोड किंवा व्हीलॅन इंटरफेस अशा नावाखाली हेच सापडेल.

स्विच राउटिंग करतो का ते आधी बघा

मॅनेज्ड आहे म्हणजे राउटिंग करतोच असं नाही. कॅटॅलिस्ट ३५६०, ३७५०, ९३०० हे लेयर ३ वाले (म्हणजे राउटिंग करणारे), यांना काही प्रॉब्लेम नाही. २९६० मुळात लेयर २ चा (एकाच नेटवर्कात पॅकेट फिरवणारा), पण लॅन बेस इमेज (स्विचमधल्या सॉफ्टवेअरचा प्रकार) असेल आणि आयओएस (सिस्कोची ऑपरेटिंग सिस्टिम) १२.२(५५)एसई किंवा त्यापुढचं असेल तर साधं स्टॅटिक राउटिंग तोही करतो, त्यासाठी

एसडीएम प्रिफर लॅनबेस-राउटिंग

ही कमांड देऊन स्विच रिलोड करावा लागतो, त्याशिवाय आयपी राउटिंग टाकलं तर तो ओळखतच नाही. लॅन लाइट इमेज असेल तर विषय संपला. "शो व्हर्जन" मधे इमेजचं नाव दिसतं, तेवढं बघून घ्या.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून वगैरे जुना स्विच आणला असेल तर अजून एक. "राइट इरेज" केल्याने सगळं पुसलं जातं असा समज आहे, पण आधीच्या मालकाचे व्हीलॅन फ्लॅशमधल्या व्हीलॅन डॉट डॅट या फाइलमधे बसलेले असतात, ती वेगळी डिलीट करावी लागते. आणि चालू नेटवर्कला जोडायच्या आधी "व्हीटीपी मोड ट्रान्सपरंट" करून टाका (व्हीटीपी म्हणजे स्विचनी एकमेकांना व्हीलॅनची यादी देण्याची सोय), नाहीतर डोमेनचं नाव जुळलं आणि या जुन्या स्विचचा रिव्हिजन नंबर मोठा निघाला तर तो बाकीच्या स्विचवरचे व्हीलॅन उडवू शकतो. हे घाबरवायला सांगत नाहीये, खरंच होतं.

कीबोर्डला हात लावायच्या आधी कागद

आपलं उदाहरण असं धरू. व्हीलॅन १० ऑफिस, १९२.१६८.१०.०. व्हीलॅन २० कॅमेरे, १९२.१६८.२०.०. व्हीलॅन ३० पाहुण्यांचा वायफाय, १९२.१६८.३०.०. तिन्हीला मास्क २५५.२५५.२५५.०, आणि तिन्हीचा गेटवे (नेटवर्कमधून बाहेर जायचं दार) शेवटी .१, जो आता स्विच असणार आहे. व्हीलॅनचा नंबर आणि आयपीतला तिसरा आकडा सारखा ठेवला की सहा महिन्यांनी बघतानाही पटकन कळतं, यापलीकडे त्या जुळणीला काही अर्थ नाही.

स्विच आणि इंटरनेटच्या राउटरमधे एक वेगळी छोटी जोडणी: १०.०.०.०, मास्क २५५.२५५.२५५.२५२. यात दोनच पत्ते वापरता येतात, १०.०.०.१ राउटरला आणि १०.०.०.२ स्विचला. नवीन लोक इथे राउटरला थेट व्हीलॅन १० मधेच बसवतात. चालतं तसंही, पण मग ऑफिसच्या नेटवर्कमधे दोन गेटवे होतात, कोणाच्या मशीनला जुना लागलेला, कोणाला नवा, आणि ते निस्तरत बसावं लागतं. वेगळी जोडणी करा.

कन्सोलने घुसा

निळी कन्सोल केबल, यूएसबी-सिरीयल, पुटी या प्रोग्रॅममधे ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट. घरी बसून एसएसएचने (नेटवर्कवरून लॉगिन करून) करायचा मोह होतो पण पहिल्यांदा करताना नको, कारण आतापर्यंत स्विच बाहेर बोलायला "आयपी डिफॉल्ट-गेटवे" ही ओळ वापरत होता आणि राउटिंग चालू झालं की ती ओळ तो बघतच नाही. कॉन्फिगमधे दिसत राहते, म्हणून जास्त फसवते. तुम्ही दुसऱ्या सबनेटवरून (म्हणजे दुसऱ्या आयपी सिरीजवरून) आत आला असाल तर त्या क्षणी बाहेर. इथेही तेच, तुमची कमांड स्विचपर्यंत पोचली पण त्याचं उत्तर परत यायला रस्ता राहिला नाही.

लांबूनच करायची वेळ आली तर सुरुवातीला "रिलोड इन १०" देऊन ठेवा. दहा मिनिटांत स्विच आपोआप रीस्टार्ट होऊन जुन्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर जातो. सगळं नीट झालं तर "रिलोड कॅन्सल". अर्थात मधेच सेव्ह केलंत तर याचा काही उपयोग नाही.

व्हीलॅन आणि पोर्ट

कॉन्फिगर टर्मिनल
व्हीलॅन १०
नेम ऑफिस
व्हीलॅन २०
नेम कॅमेरा
व्हीलॅन ३०
नेम पाहुणे

मग पोर्ट वाटायचे:

इंटरफेस रेंज गिगाबिटइथरनेट ०/१ - १२
स्विचपोर्ट मोड अ‍ॅक्सेस
स्विचपोर्ट अ‍ॅक्सेस व्हीलॅन १०
स्पॅनिंग-ट्री पोर्टफास्ट

बाकीचे पोर्ट असेच २० आणि ३० ला. पोर्टफास्ट विसरू नका. ते नसलं तर केबल लावल्यावर पोर्ट पंधरा आणि पंधरा अशी तीस सेकंदं विचार करत बसतो, तेवढ्यात कॉम्प्युटर डीएचसीपी (आपोआप मिळणारा आयपी पत्ता) मागून कंटाळतो आणि १६९.२५४ वाला पत्ता स्वतःच घेऊन मोकळा होतो, मग तुम्ही डीएचसीपीमधे चूक शोधत बसता. फक्त दुसऱ्या स्विचकडे जाणाऱ्या पोर्टला ते लावायचं नाही.

अ‍ॅक्सेस पॉइंटवर ऑफिस आणि पाहुणे अशी दोन्ही वायफाय नावं हवी असतील तर तो पोर्ट ट्रंक (एकाच केबलवर अनेक व्हीलॅन नेणारा) करा. ३५६०, ३७५० वर आधी "स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू" द्यावं लागतं, नाहीतर "स्विचपोर्ट मोड ट्रंक" तो धुडकावून लावतो.

आता गेटवे

प्रत्येक व्हीलॅनला स्विचवर एक आभासी इंटरफेस द्यायचा, त्याला एसव्हीआय म्हणतात.

इंटरफेस व्हीलॅन १०
आयपी अ‍ॅड्रेस १९२.१६८.१०.१ २५५.२५५.२५५.०
नो शटडाउन

तसंच २० आणि ३० ला. "शो आयपी इंटरफेस ब्रीफ" मारा. व्हीलॅन २० समोर अप आणि पुढे डाउन दिसलं तर लगेच कॉन्फिग खोडू नका. एसव्हीआय पूर्ण अप व्हायला दोन गोष्टी लागतात, तो व्हीलॅन खरोखर बनवलेला असणं आणि त्या व्हीलॅनमधला निदान एक पोर्ट चालू असणं. रिकाम्या खोलीत बसून सेटिंग करताय आणि एकही कॅमेरा जोडलेला नाही, मग तो डाउनच दिसणार. लॅपटॉप त्या पोर्टला लावून बघा, लगेच अप होईल.

ती एक ओळ

आयपी राउटिंग

झालं. "शो आयपी राउट" बघा. आधी बघितलं असतंत तर वर नुसतं डिफॉल्ट गेटवे आणि आयसीएमपी रिडायरेक्ट कॅशे रिकामी आहे असं काहीतरी आलं असतं, ती राउटिंग बंद असल्याची खूण. आता असं दिसेल:

सी १९२.१६८.१०.०/२४ डायरेक्टली कनेक्टेड, व्हीलॅन१०
एल १९२.१६८.१०.१/३२ डायरेक्टली कनेक्टेड, व्हीलॅन१०

सी म्हणजे थेट जोडलेलं नेटवर्क, एल म्हणजे स्विचचा स्वतःचा पत्ता, जुन्या आयओएसमधे एल दिसत नाही. तिन्ही व्हीलॅन आपोआप टेबलमधे येतात, त्यांच्यासाठी वेगळा राउट लिहायचा नसतो. डाउन असलेला एसव्हीआय मात्र टेबलमधे येत नाही, मघाशी सांगितलं ते म्हणूनच.

बाहेरचा रस्ता, आणि परतीचा

राउटरकडे जाणारा पोर्ट:

इंटरफेस गिगाबिटइथरनेट ०/२४
नो स्विचपोर्ट
आयपी अ‍ॅड्रेस १०.०.०.२ २५५.२५५.२५५.२५२

नो स्विचपोर्ट म्हणजे हा पोर्ट आता व्हीलॅनबिलॅनमधे नाही, सरळ राउटरच्या पोर्टासारखा. तुमच्या मॉडेलवर ही कमांड मिळत नसेल तर व्हीलॅन ९९ करा, तो एकच पोर्ट त्यात टाका आणि आयपी त्या एसव्हीआयला द्या, काम तेच. मग

आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० १०.०.०.१

म्हणजे ज्याचा रस्ता माहीत नाही ते सगळं राउटरकडे पाठव. टेबलमधे एस आणि चांदणी असलेली ओळ येईल, पुढे चौकोनी कंसात १/०. पहिला आकडा त्या राउटवर किती विश्वास ठेवायचा तो, जितका कमी तितका भरवशाचा: थेट जोडलेल्याला ०, हाताने लिहिलेल्याला १, ओएसपीएफने (राउटर एकमेकांना रस्ते सांगतात ती पद्धत) शिकलेल्याला ११०.

आता राउटरवर चला, कारण खरं काम तिथे आहे आणि तेच राहून जातं. राउटरला १०.०.०.२ माहीत आहे, पण १९२.१६८.१०.० कुठे असतं याचा त्याला पत्ताच नाही. त्यामुळे राउटरवर तीन स्टॅटिक राउट लिहा, १९२.१६८.१०.०, २०.० आणि ३०.०, तिन्हींचा पुढचा टप्पा १०.०.०.२. हुशारी करून १९२.१६८.०.० मास्क २५५.२५५.०.० अशी एकच ओळ लिहिता येते, पण मग कोणी १९२.१६८.५० असा नसलेला पत्ता मागितला की राउटर तो स्विचकडे ढकलतो, स्विचला माहीत नाही म्हणून तो डिफॉल्टने परत राउटरकडे, असं टीटीएल (पॅकेटला किती टप्पे मिळणार तो आकडा) संपेपर्यंत चालू राहतं. पिंगमधे "टीटीएल एक्स्पायर्ड इन ट्रान्झिट" दिसलं तर हाच प्रकार. तीनच सबनेट आहेत, तीन ओळी लिहा की.

दुसरं, नॅट, म्हणजे आतला खाजगी पत्ता बदलून बाहेरचा पत्ता लावणं. राउटरवर नॅटची यादी फक्त जुन्या सिरीजसाठी लिहिलेली असेल तर नवीन सबनेटची पॅकेटं खाजगी पत्ता घेऊनच बाहेर जातात आणि पुढे कुठेतरी टाकून दिली जातात. नवीन सबनेट त्या यादीत घाला. मायक्रोटिकच्या डिफॉल्ट सेटिंगमधे मास्करेड (म्हणजे हेच नॅट) बाहेरच्या इंटरफेसवर असतं, त्यामुळे तिथे हा त्रास होत नाही. नेटवाल्याच्या फायबरच्या डब्यात मात्र कधी स्टॅटिक राउटचं पानच नसतं किंवा पासवर्ड त्यांच्याकडे असतो. अशा वेळी त्याच्याशी भांडण्यापेक्षा मधे स्वतःचा छोटा राउटर टाकावा, हे माझं स्पष्ट मत.

डीएचसीपी

डीएचसीपीची मागणी ब्रॉडकास्ट (सगळ्यांना एकदम मारलेली हाक) असते, ती व्हीलॅनच्या बाहेर जात नाही, म्हणून जुना डबा आता कोणालाच पत्ता देणार नाही. सोपा मार्ग, स्विचलाच द्यायला सांगा:

आयपी डीएचसीपी एक्स्क्लूडेड-अ‍ॅड्रेस १९२.१६८.१०.१ १९२.१६८.१०.२०
आयपी डीएचसीपी पूल ऑफिस
नेटवर्क १९२.१६८.१०.० २५५.२५५.२५५.०
डिफॉल्ट-राउटर १९२.१६८.१०.१
डीएनएस-सर्व्हर ८.८.८.८

बाकीच्या व्हीलॅनलाही असाच पूल. विंडोज सर्व्हर असेल तर प्रत्येक एसव्हीआयवर "आयपी हेल्पर-अ‍ॅड्रेस" आणि सर्व्हरचा पत्ता. मागणी कुठल्या व्हीलॅनमधून आली हे सर्व्हरला एसव्हीआयच्या पत्त्यावरून कळतं. अर्थात सर्व्हरलाही परत बोलता आलं पाहिजे, म्हणजे त्याचाही गेटवे बरोबर हवा.

तपासणी याच क्रमाने करा

ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून आधी १९२.१६८.१०.१, मग १९२.१६८.२०.१, मग १०.०.०.२, मग १०.०.०.१, शेवटी ८.८.८.८. जिथे अडलं तिथेच बघायचं, पुढे जायचं नाही. १०.०.०.२ ला उत्तर आलं आणि १०.०.०.१ ला नाही, तर बहुतेक राउटरवर परतीचा राउट नाही.

यात एक सापळा आहे. बरेच जण स्विचवर बसून "पिंग ८.८.८.८" मारतात, पाचही उद्गारचिन्हं येतात, आणि मग स्विच बरोबर आहे तुमचेच कॉम्प्युटर खराब असं जाहीर करतात. स्विच स्वतः पिंग करतो तेव्हा पॅकेटवर पाठवणाऱ्याचा पत्ता १०.०.०.२ लावतो, आणि तो राउटरला थेट माहीत असतो, त्यामुळे उत्तर येणारच. खरी परीक्षा अशी:

पिंग ८.८.८.८ सोर्स व्हीलॅन १०

आता पत्ता १९२.१६८.१०.१ लागतो. इथे पाच टिंबं आली तर परतीचा राउट किंवा नॅट, दोनपैकी एक.

सगळं बरोबर आहे तरी कॅमेरे दिसत नाहीत

हा भाग सगळ्यात जास्त वेळ खातो. बायोमेट्रिक मशीन, एनव्हीआर, जुना प्रिंटर, यांना पत्ता हाताने दिलेला असतो आणि लावणाऱ्याने गेटवेचा रकाना रिकामा सोडलेला असतो किंवा तिथे १९२.१६८.१.१ तसंच राहिलेलं असतं. एकाच नेटवर्कमधे असताना गेटवे लागत नव्हता म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात आलं नाही. आता ऑफिसमधून पिंग केलं की पॅकेट एनव्हीआरपर्यंत बरोबर पोचतं, त्याला उत्तरही द्यायचं असतं, पण १९२.१६८.१० कुठल्या दाराने जायचं हे त्याला माहीत नसतं. स्विचवरून साधं पिंग केलं तर मात्र उत्तर येतं, कारण तेव्हा स्विच १९२.१६८.२०.१ म्हणजे त्याच्याच गल्लीतला असतो. स्विचवरून चालतं आणि "सोर्स व्हीलॅन १०" ने चालत नाही असं दिसलं की शिडी घ्या आणि त्या मशीनच्या मेनूत जाऊन गेटवे १९२.१६८.२०.१ करा. मास्कही बघा एकदा, २५५.२५५.०.० टाकलेला असेल तर त्याला ऑफिस आपल्याच नेटवर्कमधे आहे असं वाटतं आणि तो गेटवेला विचारतच नाही.

एनव्हीआरच्या मागच्या पीओई (केबलमधूनच वीज देणाऱ्या) पोर्टला जोडलेले कॅमेरे तुमच्या व्हीलॅनमधे नसतातच, ते एनव्हीआरच्या आतल्या नेटवर्कवर असतात, त्यांच्यामागे लागू नका.

विंडोजचं वेगळंच. त्याचा फायरवॉल डिफॉल्टला दुसऱ्या सबनेटमधून आलेलं पिंग सहसा अडवतो, त्यामुळे दोन व्हीलॅनमधले कॉम्प्युटर एकमेकांना पिंग होत नाहीत आणि राउटिंगला शिव्या बसतात. आधी प्रिंटर किंवा एनव्हीआरला पिंग करून बघा, मग ठरवा.

आणि जे काही सर्च करून सापडत होतं ते आता सापडणार नाही. कॅमेऱ्याचं सर्च सॉफ्टवेअर, आपोआप दिसणारा प्रिंटर, टीव्हीवर मोबाईल कास्ट करणं, हे सगळं स्थानिक ब्रॉडकास्ट किंवा मल्टिकास्टवर चालतं. तिथे आयपी हाताने टाका. टॅलीच्या डेटाचा फोल्डर कॉम्प्युटरच्या नावाने मॅप केलेला असेल आणि ते मशीन दुसऱ्या व्हीलॅनमधे गेलं असेल तर तोही तुटतो, नावाऐवजी आयपीने मॅप करा. हे सोमवारी सकाळी अकाउंट्सकडून कळण्यापेक्षा शनिवारी संध्याकाळी स्वतः बघितलेलं बरं.

पाहुण्यांना आवरा

राउटिंग चालू केलं की सगळे व्हीलॅन एकमेकांशी बोलायला मोकळे, म्हणजे वायफायवरचा पाहुणाही टॅलीच्या मशीनपर्यंत. त्यासाठी अ‍ॅक्सेस-लिस्ट, म्हणजे काय जाऊ द्यायचं आणि काय अडवायचं याची यादी:

आयपी अ‍ॅक्सेस-लिस्ट एक्स्टेंडेड पाहुणे-आत
परमिट यूडीपी एनी ईक्यू ६८ एनी ईक्यू ६७
डिनाय आयपी एनी १९२.१६८.०.० ०.०.२५५.२५५
डिनाय आयपी एनी १०.०.०.० ०.२५५.२५५.२५५
परमिट आयपी एनी एनी
इंटरफेस व्हीलॅन ३०
आयपी अ‍ॅक्सेस-ग्रुप पाहुणे-आत इन

लिस्टचं नावही अर्थात इंग्रजी अक्षरांतच द्या. पहिली ओळ डीएचसीपीसाठी, ती नसेल तर पाहुण्याला पत्ताच मिळणार नाही. मास्क इथे उलटा लिहायचा असतो. इन म्हणजे स्विचच्या बाजूने बघायचं, व्हीलॅनमधून स्विचच्या आत येणारं. शेवटची परमिट विसरलात तर न दिसणारा डिनाय सगळंच बंद करतो. आणि ही लिस्ट आधीचं बोलणं लक्षात ठेवत नाही, त्यामुळे ऑफिसमधून पाहुण्यांच्या नेटवर्ककडे केलेलं पिंगही आता परत येणार नाही. पाहुण्यांसाठी ते ठीकच आहे, पण हीच लिस्ट तशीच कॅमेऱ्यांवर चिकटवलीत तर ऑफिसमधून एनव्हीआर पुन्हा बंद.

सगळं चालतंय असं दिसलं की "कॉपी रनिंग-कॉन्फिग स्टार्टअप-कॉन्फिग". "शो रन" कॉपी करून नोटपॅडमधे ठेवा, आणि त्याच फाइलमधे "शो व्हीलॅन ब्रीफ" पण चिकटवा, कारण स्विच व्हीटीपी सर्व्हर मोडमधे राहिला असेल तर व्हीलॅनची यादी त्या कॉन्फिगमधे येत नाही, आणि नवीन स्विचवर तेच कॉन्फिग टाकलं की सगळे एसव्हीआय डाउन दिसतात.